मागच्या खोलीतलं पाणी

कालच माझी वायर काढली, म्हणून आज घरघर न करता बोलता येतंय. मी या घराच्या मागच्या खोलीचा एसी. खिडकीत बसणारा, जुन्या घडणीचा, उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम हवा देणारा. सध्या माझा मुक्काम बाल्कनीत, मोडक्या खुर्चीशेजारी आहे. दुपारी भंगारवाला येईल. तोवर वेळ असेल तर ऐका.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पत्रा वाकवला, तांब्याच्या नळ्या बसवल्या, गॅस भरला आणि खोक्यात घातलं. खरं आयुष्य सुरू झालं ते इथे. इथली हवा भलतीच दमट. बिस्किटाचा डबा उघडा राहिला की बिस्किटं मऊ पडतात, मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते. अशा हवेत मला दोन कामं असतात. खोली गार करायची आणि हवेतलं पाणी ओढून बाहेर टाकायचं. गारव्याचं कौतुक सगळे करतात. त्या पाण्याचं नाव कोणी काढत नाही. याचा मला राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

आधी माझे लाड झाले. माझी जाळी नियमित धुतली जायची, पाहुण्यांना मला मुद्दाम दाखवलं जायचं. मग जाळीवर धूळ साठू लागली. माणसांची एक गंमत मला कधी कळली नाही. खोली लवकर गार व्हावी म्हणून आकडा पार खाली आणतात आणि मग पांघरूण शोधत बसतात!

दोन वर्षांपूर्वी मागच्या खोलीत आत्या राहायला आली. या घराचा मालक तिचा भाचा. त्याची आई लवकर गेली, तेव्हा आत्यानेच त्याला वाढवलं. ती निवृत्त झाल्यावर तो तिला हट्टाने घेऊन आला. "आता इथेच राहायचं. कुठेही जायचं नाही," असं बजावून सांगितलं. आत्या आली आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "काय रे घरघऱ्या, झोपू देशील ना?" माझ्याशी बोलणारं ते पहिलं माणूस. मला ती तिथेच आवडली.

आता भाच्याविषयी सांगतो. माणूस सोन्यासारखा, पण भिडस्त. हॉटेलात भलताच पदार्थ समोर आला तरी मुकाट्याने खाईल, वेटरला हाक मारणार नाही. माझ्यातलं पाणी खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं. त्या एकदा जिन्यात हसत म्हणाल्या, "तुमचा एसी आमचे कपडे पुन्हा धुतो हो!" झालं. हा शरमेने अर्धा झाला. त्यांच्या भिंतीवरून एक नळी खाली सोडली असती तर काम भागलं असतं. पण विचारणार कोण? त्याने माझ्या पाणी जायच्या भोकाला रबरी बूच लावलं आणि मला जरा खोलीच्या बाजूला कलतं केलं. थेंब थांबले. शेजारीण खूश, भाचाही खूश.

मी काय करणार? हवेतून काढलेलं पाणी माझ्याच पोटात साठायचं. खोली गार झाली की माझं यंत्र थांबायचं, पंखा मात्र फिरत राहायचा आणि तीच ओल पुन्हा खोलीत फेकायचा. भिंतीवर काळे डाग उमटले. आत्याला खोकला लागला. आधी साधा, मग असा की बोलणं अर्ध्यावर राहायचं. डॉक्टरांनी सांगितलं, "ओलीत राहू नका." भाच्याची बहीण कोरड्या गावात राहते. आत्याने तिच्याकडे जायचं ठरलं.

आत्या सगळ्यांना म्हणाली, "बरंच झालं, हवापालट होईल." खोलीत एकटी असली की मला म्हणायची, "मला जायचं नाही रे." माझा जीव तुटायचा, पण तेव्हा मला घरघरीपलीकडे बोलता कुठे येत होतं?

भाचा हातपाय गाळणारा नव्हता. ओल हटावी म्हणून माझ्या दुप्पट ताकदीचा एसी घ्यायचा असं त्याने ठरवलं. माप घ्यायला मेकॅनिक आला. त्याने मला धरून हलवलं आणि माझ्या पोटातलं हिरवट पाणी त्याच्या बुटांवर सांडलं.

"साहेब, इथं हौद पाळलाय काय?"

"थेंब पडू नयेत म्हणून... मीच बूच लावलं," भाचा म्हणाला आणि खाली बसला. "आत्या, तुझा खोकला मीच..."

आत्याने त्याचा दंड धरला. मग म्हणाली, "ऊठ. खाली जा आणि नळीचं विचार. नाही विचारलंस तर मी जाते, आणि तुझ्या लहानपणीच्या सगळ्या गमती त्यांना सांगून येते."

तो धावतच गेला. शेजारीणबाई म्हणाल्या, "अहो, एवढंच ना? मी तर कधीची वाट बघत होते तुम्ही विचाराल म्हणून!"

नळी बसली, मी पुन्हा सरळ झालो. डाग घासून भिंत रंगवली. खोली कोरडी व्हायला लागली तसा खोकलाही उतरला. पण माझं वय झालं होतं. थंडीत गरम हवा द्यायला गेलो की घरातली वीज जायची. मेकॅनिक म्हणाला, "नवा घ्या, पण खोलीच्या मापाचाच. फार मोठा घेतलात तर झटकन गार करून थांबेल, ओल तशीच राहील." भाचेसून म्हणाली, "आणि जाळी धुवायची पाळी आजपासून यांची." भाचा हसला. आणि मला काढेपर्यंत खरंच तो ती धूत होता.

मला काढलं तेव्हा वाईट वाटलं. का वाटू नये? पण तुम्हाला एकच विनंती. घरात कोणतंही यंत्र असू दे, त्याच्या पाण्याला वाट द्या. आणि वाट दुसऱ्याच्या भिंतीवरून जात असेल तर सरळ विचारा.

आत्ता आत्या बाल्कनीत आली होती. कोरड्या गावच्या भाचीचा फोन होता. ती विचारत असावी, कधी येतेस?

"येईन की," आत्या म्हणाली. न अडखळता, एका दमात म्हणाली, "चार दिवस राहीन, मग घरी परत येईन."

जिन्यात पावलं वाजतायत. येऊ दे त्याला. मी तयार आहे.