कंपनीची की रेसची

माझ्या दिरांना गाडीतलं सगळं कळतं, फक्त गाडी कळत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. ते हसले, कारण त्यांना वाटलं वहिनी चेष्टा करतात.

ते विमा कंपनीत नोकरीला आहेत. आठवडाभर लोकांना गाडी जपून चालवायचा उपदेश करतात आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गाडीचा छळ मांडतात. गाडी बिचारी साधी, चार दारांची, आठ वर्षं कधी कुरकुर न केलेली. तिला त्यांनी आधी मोठा सायलेन्सर लावला. त्यामुळे ती रिकाम्या पिंपात कोणी खोकतंय अशी वाजायला लागली. मग समोर तीन घड्याळं बसवली, वेळ सोडून बाकी सगळं दाखवणारी. आणि शेवटी टर्बो, इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा. "धाकट्याला इंजिनातलं फार डोकं आहे," असं सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, तेव्हा मी तिथेच कपडे वाळत घालत होते. गेली बावीस वर्षं माझं पोट इंजिनांवर भरतंय, पण मलाही डोकं असेल असं त्या घरात कोणाला सुचलेलं नाही.

मी क्रँक घासते. इंजिनाच्या पोटात जो वाकडातिकडा जड दांडा फिरतो, तो क्रँक. त्याच्या पिना, म्हणजे त्यावरचे गुळगुळीत गोल खुंट, झिजल्या की गॅरेजवाले तो माझ्याकडे आणतात, बहुतेक ट्रकचा, आणि मी तो ग्राइंडरवर चढवून पिना पुन्हा गोल आणि सरळ करून देते. वर्कशॉप माझ्या वडिलांचं. मशीनं दोन. एकावर मी, दुसऱ्यावर मिस्त्री. मिस्त्री वडिलांच्या वेळेपासूनचे आहेत आणि दिवसाला दहाएक शब्द बोलतात, तेही मोजून.

टर्बोसाठी इंजिन खोललंच होतं, म्हणून भाऊजी क्रँक घेऊन माझ्याकडे आले. बरोबर प्रोफेसर होते. हे प्रोफेसर कुठे शिकवत नाहीत. गाड्यांना लॅपटॉप जोडून त्यांची ताकद वाढवून देतात आणि समोर दोन माणसं असली तरी सभेत बोलल्यासारखं बोलतात, म्हणून ते नाव पडलंय. त्या दिवशी ते पांढरे बूट घालून आले होते. माझ्या वर्कशॉपमध्ये यायला ज्या माणसाला पांढरे बूट सापडतात, त्याच्याबद्दल मला पुढे काही ऐकायचं नसतं.

"वहिनी, पिना पाव मिलिमीटर घासून उतरवायच्या," भाऊजी म्हणाले. "बाकी सगळं प्रोफेसर बघणार आहेत."

"मग पिनाही त्यांनाच बघू देत."

"तसं नाही हो. घरचं मशीन असताना बाहेर कशाला जायचं?"

घरचं मशीन. जसं काही ते मिक्सरशेजारी ओट्यावर ठेवलंय. मिस्त्री पुढे आले होते, त्यांना मी म्हटलं, राहू द्या, हे घरचं लचांड आहे, मीच उरकते. आणि उरकलं.

त्या वेळी बेअरिंगं कंपनीचीच घातली, म्हणजे गाडी बनवणाऱ्यांचीच, कारण ती लगेच मिळाली. हे बेअरिंग म्हणजे छर्ऱ्यांचं नव्हे. पिन आणि तिला धरणारा पिस्टनचा रॉड यांच्यामध्ये दोन अर्धगोल पत्रे बसतात, नखाहून थोडे जाड. पत्र्यात आणि पिनेत तेलाचा पातळ थर असतो आणि सगळं इंजिन त्या थरावर तरंगत फिरतं. थर तुटला की पत्रा खरवडतो आणि आतून टकटक ऐकू येते.

सात आठवड्यांनी टकटक ऐकू आली. तीनपैकी तेलाचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा पडला आणि भाऊजींनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. तेवढी अक्कल त्यांनी दाखवली हे मी मान्य करते. पत्रे गेले, पण पिना वाचल्या.

रविवारी जेवणाच्या टेबलावर त्यांनी निकाल जाहीर केला. "कंपनीची बेअरिंगं टर्बोला झेपत नाहीत. आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सगळ्यांचं तेच मत पडलं. रेसचीच हवीत. तीन थरांची, कडक."

"ग्रुपवरच्या किती जणांनी बेअरिंग हातात धरलंय?"

"वहिनी, एकशे ऐंशी मेंबर आहेत."

"मी मेंबर नाही विचारले."

तरी मी समजावून सांगितलं. कंपनीचं बेअरिंग मऊ असतं. तेलातून कचऱ्याचा कण आला तर तो स्वतःत रुतवून घेतं, पिनेला खरचटू देत नाही. रेसचं कडक असतं, भार जास्त सोसतं, पण घाण सोसत नाही. "तुम्ही या गाडीने ऑफिसला जाता, भाऊजी, शर्यतीला नाही. मऊच घाला, तेल वेळेवर बदला आणि तो टर्बो काढून त्यात एखादं रोप लावा."

"तो म्हणतोय तर असेल काहीतरी," सासूबाई म्हणाल्या. "तुझं काम ट्रकचं. हे वेगळं असतं."

आमचे हे तिथेच वह्या तपासत बसले होते. ते शाळेत भूगोल शिकवतात. त्यांनी मान वर केली नाही. अशा वेळी मान वर न करणं त्यांना फार चांगलं जमतं.

रेसची बेअरिंगं आली ती काळ्या डब्यातून, सोनेरी अक्षरांच्या. भाऊजींनी डबा दोन दिवस शोकेसमध्ये ठेवला, भाच्याला बक्षीस मिळालेल्या कपाशेजारी. मग प्रोफेसरांनी ती बसवली. मापं घेतली का, असं मी प्रोफेसरांना विचारलं.

"मापं डब्यावर लिहिलेली असतात, वहिनी."

अकरा दिवस चालली. बाराव्या दिवशी ऑफिसच्या फाटकातच काटा पडला. मला वाईट वाटायला हवं होतं. मी त्या दिवशी गुणगुणत काम केलं. प्रोफेसर म्हणाले तेल चुकीचं होतं, मग म्हणाले हवा गरम होती, मग त्यांनी दोन दिवस फोन उचलला नाही.

"आता कंपनीची आणा," मी भाऊजींना म्हटलं. "मी स्वतः बसवते. प्रोफेसरांना म्हणावं, बूट पुसा आणि लांब उभे राहा."

मी बसवली. नट ठरल्या जोराने आवळले, तेल नवं, फिल्टर नवा. पिना तेवढ्या मापल्या नाहीत. मीच घासलेल्या पिना, त्या काय पुन्हा मापायच्या?

तीन आठवड्यांनी भाऊजी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाले आणि अर्ध्या रस्त्यात गाडी पुन्हा टकटक करायला लागली. सासूबाई भाड्याच्या गाडीने परत आल्या. भाड्याची पावती त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवली. त्या पावतीवर जणू माझंच नाव लिहिलेलं होतं.

मी मात्र ठाम होते. दोष टर्बोचा, दोष चालवणाऱ्याच्या पायाचा, दोष त्या एकशे ऐंशी रिकामटेकड्यांचा. सगळ्यांची एकदाच जिरवायची म्हणून मी तिन्ही वेळचे पत्रे घरी आणले, पुसले आणि टेबलावर कागद पसरून तीन ओळींत मांडले. फोटो काढायचा आणि भाऊजींच्या ग्रुपवर टाकायला लावायचा. खाली काय लिहायचं तेही ठरलं होतं: कंपनीची गेली, रेसची गेली, आता डोकी बदलून बघा.

आमचे हे चहाचा कप घेऊन आले आणि वाकून बघत राहिले.

"हे सगळे एकाच बाजूने का घासलेत?"

"काय?"

"मला यातलं काही कळत नाही. पण पहिली ओळ घे, दुसरी घे, तिसरी घे, सगळ्यांची हीच कड गेलीय. समोरची कड अगदी नवी दिसते. नदी वळणावर एकच काठ खात जाते ना, तसं."

मी पत्रे उचलले, ठेवले, पुन्हा उचलले. ते चहा ठेवून निघून गेले. फोटो मी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रँक वर्कशॉपमध्ये नेला आणि मायक्रोमीटर लावला. पहिली पिन, पुढच्या टोकाला. तीच पिन, मागच्या टोकाला. दोन शतांश मिलिमीटरचा फरक. दुसऱ्या पिनेला तेवढाच, त्याच बाजूला. तिसऱ्या, चौथ्या, सगळ्यांना. पिना सरळ नव्हत्याच, किंचित निमुळत्या होत्या. तेलाचा थर एका कडेला चिरडत होता, आणि अशा पिनेवर पत्रा मऊ असो की कडक, सोनेरी अक्षरांच्या डब्यातला असो की साध्या पुठ्ठ्यातला, तो जाणारच. टर्बो नसता तर कदाचित रडतखडत चाललं असतं.

मग सगळं आठवलं. भाऊजींच्या क्रँकच्या आदल्या दिवशी मी पंपाचा एक निमुळता दांडा घासला होता, त्यासाठी मशीनचं टेबल तिरकं केलं होतं. ते नंतर नुसत्या डोळ्याने शून्यावर आणून सोडलं. ट्रकवाल्याच्या क्रँकच्या प्रत्येक पिनेला मी सहा ठिकाणी माप लावते, माझ्या वडिलांनी हात धरून शिकवलेलं आहे. भाऊजींच्या पिनांना मी एकेकदाच लावलं, बरोब्बर मधोमध. घाई नव्हती. तो क्रँक मला सहा मापांच्या लायकीचा वाटला नव्हता, एवढंच.

त्याहून वाईट असं, की दुसऱ्याच दिवशी ट्रकचा क्रँक चढवल्यावर टेबल तिरकं आहे हे माझ्या लक्षात आलं होतं. तेव्हा मी मिस्त्रींवर तोंड सोडलं. वय झालं, दिसत नाही, माझ्या मशीनला हात लावू नका, असं बरंच. टेबल सरळ केलं आणि विसरून गेले. कालच्या क्रँकचा विचारही मनात आला नाही.

मी मिस्त्रींच्या मशीनपाशी गेले.

"मिस्त्री, त्या दिवशी टेबल मीच तिरकं ठेवलं होतं."

त्यांनी मशीन बंद केलं नाही. "माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं कुठे होतं? तुम्ही ओरडला होता."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि काम चालू ठेवलं. त्यांच्या दहा शब्दांतले बरेच माझ्यावर खर्च झाले होते.

घरी सांगायला जास्त जड गेलं. जेवणं झाल्यावर सगळे बसलेले असताना एका दमात सांगून टाकलं, की पिना मी वाकड्या घासल्या, बेअरिंगांचा काही दोष नव्हता, तुमचाही नव्हता. भाऊजींनी हातातला फोन खाली ठेवला. लग्न होऊन या घरात आल्यापासून हे मी पहिल्यांदा बघितलं, आणि ते फार टिकलं नाही.

"म्हणजे रेसची चांगली होती."

"कंपनीचीही चांगली होती."

"पण रेसची जास्त चांगली होती."

"जाऊ दे गं," सासूबाई म्हणाल्या, "माणसाच्या हातून चुकतं." आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. एवढ्या मायेने मला आजवर कोणी अपमानित केलं नव्हतं.

पिना आणखी पाव मिलिमीटर उतरवल्या. चार पिना, प्रत्येकी सहा मापं. भाऊजींना शेजारी उभं करून आकडे लिहायला लावले, आणि नवव्या आकड्याला ते फोन बघायला लागले. बाकीचे मिस्त्रींनी लिहिले. बेअरिंगं कोणती, हे भाऊजींनाच ठरवू दिलं. पुन्हा काळा डबा आला. या वेळी प्रत्येक पत्र्याचं माप मी घेतलं, डब्याकडे बघितलंही नाही.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. इंजिनात टकटक नाही. प्रोफेसरांनी या गाडीवर व्हिडिओ केला, योग्य बेअरिंग निवडणं किती महत्त्वाचं यावर, चौदा मिनिटांचा. त्यात पिनांचा उल्लेख नाही. भाऊजी मात्र तो किस्सा पाहुण्यांना सांगतात, आणि प्रत्येक वेळी माझं टेबल आणखी थोडं तिरकं होत जातं.

मध्ये एकदा मला वर्कशॉपला सोडायला ते गाडी घेऊन आले. चढावर त्यांनी पाय दाबला आणि गाडी गुपचूप, एकसारखी ओढत वर गेली. आत कुठे खरखर नाही, थरथर नाही. मी काटा बघितला, तोही जागेवर.

"चांगली चालतेय," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी लगेच गाणी बंद केली. "वहिनी, त्याचं कसं असतं माहितीये का? पिन आणि बेअरिंगच्या मध्ये तेलाचा एक थर असतो..."

वर्कशॉप येईपर्यंत त्यांनी मला तो थर समजावून सांगितला. मी खिडकीबाहेर बघत होते आणि अधूनमधून हं म्हणत होते.