लांब रांगेतला बाप

विमानतळावरच्या झटपट तपासणीचं सदस्यत्व घ्यावं की न घ्यावं, हा वेंडेल क्राउझचा प्रश्न डेन्व्हरच्या बस डेपोत सगळ्यांना तोंडपाठ झाला होता. पाच वर्षांचे ऐंशी डॉलर. बोटांचे ठसे द्यायचे, एक नंबर मिळवायचा आणि मग बूट-पट्टा न काढता दहा मिनिटांत पलीकडे. जेवणाच्या सुट्टीत बॉइड मेकॅनिक त्याला हटकून छेडायचा.

"दर महिन्याला पोरीला सोडायला जातोस आणि तासभर खांबासारखा उभा राहतोस. घे की ते एकदाचं! ऐंशी डॉलरसाठी जीव जातोय का तुझा?"

"परवडत नाही रे. हिशेब बसत नाही," वेंडेल म्हणायचा आणि सँडविचमध्ये तोंड खुपसायचा.

खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती डेपोत सांगण्यासारखी नव्हती. वेंडेलला ती रांग हवी होती.

त्याची मुलगी हॅटी चौदा वर्षांची. घटस्फोटानंतर तिची आई कॉरिन तिला घेऊन मिलवॉकीला गेली, तिथे रसेल नावाच्या माणसाशी लग्न करून थाटात राहू लागली. हॅटी महिन्यातून एकदा शुक्रवारी यायची, रविवारी परत जायची. पंधराच्या आतलं मूल एकटं प्रवास करत असेल, तर पालकाला पास मिळतो. तो घेऊन मुलासोबत तपासणीतून आत जायचं आणि विमान उडेपर्यंत तिथेच थांबायचं. घरात दोन दिवस पोरगी कानात इअरफोन घालून बसायची. काही विचारलं तर "हं", नाहीतर "ठीक". पण रांगेत उभी राहिली की काय व्हायचं कोण जाणे, ती आपणहून बोलायला लागायची. जिवाभावाच्या मैत्रिणीने बोलणं टाकलं, हे तिने आईच्या आधी बापाला सांगितलं ते याच रांगेत. समोरासमोर नाही, शेजारी उभं राहून, पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत. म्हणून वेंडेल घरून तीन तास आधी निघायचा. "रांगा भयंकर असतात गं," असं म्हणत सगळ्यात लांब रांग धरायचा. मागच्या लेकुरवाळ्यांना अदबीने पुढे जाऊ द्यायचा.

मार्चमधल्या त्या रविवारी त्याच्या छातीवर दगड होता. पुढच्या महिन्यात हॅटीला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. मग पास नाही, सोबत नाही. दारात गाडी थांबवायची आणि हात हलवायचा. म्हणजे ही शेवटची रांग.

अर्धी रांग सरली तेव्हा हॅटीने जॅकेटमधून एक पाकीट काढलं.

"बाबा, हे तुला. नाही म्हणायचं नाही."

आत ऐंशी डॉलर होते आणि एक छापील कागद. मंगळवारी साडेचार वाजता, वेंडेल क्राउझ, बोटांचे ठसे.

"शेजारच्यांची बाळं सांभाळून जमवलेत. वेळही घेऊन ठेवलीय तुझी. नऊ मेला मिलवॉकीत माझा चेलोचा कार्यक्रम आहे. एकटीचं वादन आहे, बाबा, सात मिनिटं! आता रांगेची कटकट नाही. आता येशील ना?"

वेंडेलला आधी काही उलगडेना. "रांगेची कटकट?"

"असं काय करतोस? पाचवीतल्या नाटकाला आला नाहीस, म्हणे विमानतळावर रांगा भयंकर. माझा हात मोडला तेव्हा नाही, आठवीच्या निरोपाला नाही. दर वेळी तेच! मी आईशी भांडलेय त्यावरून. म्हटलं, तू बघितल्या नाहीस त्या रांगा, मी बघितल्यात."

फोनवर आपण काय काय सबबी सांगितल्या, वेंडेलला आठवतही नव्हतं. पोरीने मात्र एकेक जपून ठेवली होती, आणि दर महिन्याला या रांगेत उभी राहून ती खरी मानली होती.

तेवढ्यात रांग सांभाळणारी बाई दोरीपलीकडून हसत आली. "काय हो साहेब, आजही इथेच? दर वेळी सांगते, त्या पुलाकडच्या तपासणीला रांगच नसते. पाच मिनिटांत पलीकडे जाल. तुम्ही म्हणजे अगदी हट्टीच!"

ती पुढे निघून गेली. हॅटीने बापाकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"तुझ्याशी बोलायला मिळतं म्हणून गं," वेंडेल कसाबसा म्हणाला. "इथेच तर बोलतेस तू माझ्याशी."

"हो? मग मिलवॉकीला आला असतास तर तिथेही बोलले असते की. आला का नाहीस?"

मागचा माणूस खाकरला. रांग चार पावलं पुढे सरकली होती, आणि हे दोघं जागचे हलले नव्हते.

"रसेलच्या सोफ्यावर पाहुण्यासारखं बसायचं... नाही जमत मला, हॅटी."

"मी दोन्ही घरांत पाहुणीच आहे, बाबा," हॅटी म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "मला जमतंच ना."

दोरी उचलून ती बाहेर पडली आणि पुलाकडे चालू लागली. वेंडेल मागोमाग. तिथे खरंच पाच मिनिटं लागली.

मग विमानाच्या दारापाशी दीड तास हाताशी होता. विमानतळावर इतका वेळ त्याला तिच्यासोबत कधीच मिळाला नव्हता. हॅटीने इअरफोन घातले आणि खिडकीबाहेर बघत राहिली. वेंडेलने दोन बिस्किटांचे पुडे आणले. एक तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो न फोडता बॅगेत टाकला.

नाव पुकारल्यावर ती उठली. तिला न्यायला आलेली विमान कंपनीची बाई दोन पावलांवर उभी होती. हॅटीने एक इअरफोन काढला.

"नऊ मे, शनिवार, चार वाजता," ती म्हणाली. "येशील?"

हो म्हणायचं होतं त्याला. देवाशपथ, हो ओठांवर होतं. पण डोळ्यांसमोर कॉरिनचा दिवाणखाना आला, टाळ्या वाजवणारा रसेल आला, आणि जित्याची खोड, तोंडातून दुसरंच निघालं.

"बघतो," वेंडेल म्हणाला.

हॅटीने मान डोलावली. जणू तिला तेच अपेक्षित होतं. इअरफोन परत कानात घातला आणि त्या बाईबरोबर आत गेली. दर वेळी वळणावर थांबून जीभ काढून वेडावणारी पोर आज थांबली नाही.

नियमाप्रमाणे विमान उडेपर्यंत वेंडेलला तिथून हलायचं नव्हतं. तो काचेपाशी उभा राहिला. हुंदका आला तसा त्याने तो गिळला नाही, लोक बघत होते तरी. विमान मागे सरकलं, वळलं, दिसेनासं झालं.

"झालं, साहेब," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आता तुम्ही गेलात तरी चालेल."