आठव्या वर्षाचं माप

शिंप्याने टेप लेकीच्या छातीभोवती घातला, तशी तिने दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट दाबून धरली.

"बटण, हात वर," तो लाडाने म्हणाला.

"जुन्या फ्रॉकवरून घे ना माप."

एरवी हीच पोर माप देताना गुदगुल्यांनी दुकान डोक्यावर घ्यायची. पण वीस वर्षं लोकांची मापं घेतलेल्या माणसाला पाव इंच कुठे वाढला ते कळतंच. आठवं पूर्ण व्हायला अजून दोन महिने होते. तिची आई असती तर हे तिच्यावर सोपवून तो मोकळा झाला असता. पण ती जाऊन दोन वर्षं झाली होती. शेवटी त्याने बहिणीला बोलावलं. तिने भाचीला आत नेऊन पाहिलं आणि बाहेर येऊन हळूच सांगितलं, की पोर वयाआधीच मोठी व्हायला लागलीय, डॉक्टरला दाखवू. त्या दिवशी त्याने एका गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच कापल्या.

आत्याला सोबत घेऊन ते दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी लेकीला तपासलं, पंजाचा एक्स-रे पाहिला. हाडं वयाला धरूनच वाढत होती. काही मुलींचं थोडं लवकर सुरू होतं, त्या म्हणाल्या. आत्ता औषध नको, दर चार महिन्यांनी दाखवत राहा. शिंप्याचा जीव भांड्यात पडला. लेक मात्र खुर्चीच्या कडेवर ताठ बसून होती.

"तुला काही विचारायचंय?" डॉक्टरबाईंनी तिला विचारलं.

तिने आधी बाबाकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

"एकाच बाजूला आहे. दुखतं पण. आईलाही एकाच बाजूला गाठ होती."

इतके दिवस शिंपी ते लाजणं समजला होता.

डॉक्टरबाई उठून तिच्याजवळ येऊन बसल्या. "ती गाठ वेगळी, बाळा. ही तू मोठी होतेस म्हणून आहे. आधी एका बाजूला येते, थोडी दुखते. दुसरी येईल मागून."

"नक्की?"

"अगदी नक्की."

जिना उतरताना लेकीने आत्याचा हात ओढला. "आत्या, मी नसले की बाबाला रोज संध्याकाळी जेवायला बोलवत जा, असं मी म्हणाले होते ना, ते आता राहू दे."

आत्या पायरीवरच थांबली. "मला वाटलं, हिला कुठे सहलीला जायचंय," ती भावाला म्हणाली.

लेक तोवर दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पोचलीही होती. शिंपी कठडा धरून तिथेच बसला आणि लहान मुलासारखा रडला. रडता रडताच त्याला हसू फुटलं.

"बाबा, चल ना," खालून हाक आली. "भूक लागलीय."