निरोपाची प्रार्थना

“जाणारीला अडवायचं नाही, काली. देवानं आणली, देवच नेईल.”

चादरीची घडी घालताना कालीबाईंना जुन्या मेट्रनबाईंचा आवाज ऐकू आला. त्या बाई मातीआड जाऊन जमाना झाला. विसरवाडीजवळच्या या मिशन दवाखान्यात मेट्रन आता कालीबाईच होत्या, पण तो नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. नर्सपोरी यायच्या, हात बसला की सुरतेच्या मोठ्या दवाखान्यांची वाट धरायच्या. जाणारीच्या डोक्यावर हात ठेवून मेट्रननं सकाळच्या उपासनेत निरोपाची प्रार्थना म्हणायची, अशी रीत.

आज निरोप घ्यायची पाळी हेमांगीची होती. लोणखेड्याची ही गुजराची लेक समोरच्या खाटेवर अपुऱ्या दिवसांचं ओंजळीएवढं बाळ ऊब मिळावी म्हणून बाळंतिणीच्या उघड्या छातीशी बांधत होती. चिमणीनं पिलाला पंखाखाली घ्यावं, तसे तिचे हात चालत होते.

“ताई, सुरतले गयी का मन्ही बायकोले एक साडी धाडजो,” दवाखान्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर रेवजी दारातून म्हणाला.

“रंग कोन सांगी? तुम्ही का ती?”

बाळंतिणी हसल्या. कालीबाई घडीची कड नीट करत राहिल्या.

हेमांगी आली, तिनं चादरीचं दुसरं टोक धरलं.

“बाई, तुम्ही एकदाव बी थांब म्हनं नही.”

“दुप्पट पगार शे. आईबाप खुश शेतस. मी काय म्हनू?”

“ते तुमले माहीत.”

कालीबाईंनी झालेली घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. तेवढ्यात उपासनेची घंटा झाली.

सगळे माना खाली घालून उभे राहिले. कालीबाईंनी हेमांगीच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले.

“हे कृपाळू पित्या, ही तुझी लेक आज आमच्यातून जाते आहे. तिची वाट...”

किती पोरींवर म्हटलेले शब्द ते, झोपेतही आले असते. आज पुढचा शब्द येईना. कुणीतरी खाकरलं. वॉर्डात एक बाळ रडून गप्प झालं. हाताखाली हेमांगीचं डोकं हळूच आणखी वाकलं, आणि कालीबाईंची बोटं तिच्या केसांत घट्ट रुतली.

मग उपासनेची भाषा सुटली.

“पित्या,” त्या म्हणाल्या, “इले धाडू नको. माले हाई पोर पाहिजे.”