दगडांखालचं लांबडं

बाग ही माणसाच्या सुसंस्कृतपणाची खरी परीक्षा असते. आम्ही ती कमी खर्चात, बिनकष्टाची आणि शक्यतो आमच्याशिवाय वाढणारी करायला घेतली. घरामागची हिरवळ उपटली, काळं कापड अंथरलं, वर पांढरे गोटे पसरले, कडेकडेनं कोरफड खोचली आणि मधे एक बाकडं ठेवलं.

"थडग्यांसारखं दिसतंय," बायको म्हणाली.

"शांत वाटतं," मी म्हणालो. "आणि देखभाल शून्य."

उरलेलं काम माळ्यावर सोपवलं. जाताजाता बायकोनं उंदीर झाल्याचं त्याच्या कानावर घातलं.

दुपारी जेवण उरकून आवराआवर चालली होती, तेवढ्यात त्याचा निरोप आला. फोनमधून त्याचा घाईतला आवाज: "साहेब, सकाळी तुम्ही बाहेर होता तेव्हा दगडांखाली लांबडं सोडलंय. काळं आहे, पटकन दिसायचं नाही. बाकड्यापाशी वळून बसलंय. आज कुणाचा पाय पडू देऊ नका."

आमच्या घरात साप हा शब्द कुणी उच्चारत नाही. उच्चारला की येतो. म्हणून लांबडं.

"सोडलंय?" बायकोच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "मुद्दाम?"

"तूच सांगितलंस ना उंदरांचं."

"औषध घाला म्हटलं होतं मी, शहाण्या माणसा!"

"आणि मी म्हटलं होतं, स्वस्तात."

भयंकर गोष्ट ही, की ते आमच्या सगळ्या अटींत बसत होतं. आपलं खाणं आपण शोधणार, पाणी घालायला नको, छाटायला नको.

मग दोघांनाही एकदमच आठवलं. बाबा.

जेवण झालं की बाबा बाकड्यावर जाऊन बसत. कानातलं यंत्र काढून, कारण यंत्रातून आम्ही ऐकू येतो. दारातून पाहिलं तर हनुवटी छातीवर, चपला बाजूला, उघडे पाय गोट्यांवर. आणि टाचेलगत, दोन गोट्यांच्या फटीत, काहीतरी काळं, गोल, चकाकणारं.

"बाबा!" मी ओरडलो. त्यांची हनुवटी हललीसुद्धा नाही.

"ओरडू नकोस, दचकून पाय हलवतील. तू जा."

"काठी दे."

"काठी त्यांच्याकडेच आहे."

तिनं हातात फरशी पुसायचा मॉप दिला आणि मला मागून ढकललं. बागेत पाऊल टाकताच गोटे खडखडले. इतका आवाज करणारी बाग मी पसंत केली होती.

"हळू चाल," ती दारातून कुजबुजली.

"हळूच चालतोय."

"मग जरा लवकर चाल!"

बाबांचा घोटा दिसला. निळ्या शिरा, वाळकी कातडी. लहानपणी याच पायांवर उभा राहून मी घरभर फिरलो होतो. काळं काही हलत नव्हतं, पण त्यातून बारीकसा 'सूंऽऽ' असा आवाज येत होता. मी मॉप पुढे धरला.

बाबांनी डोळे उघडले. मॉप पाहिला.

"दगड पुसायला आलास?"

"बाबा, हलू नका!"

"काय? हलू?" म्हणत ते उठले आणि टाच नेमकी त्या काळ्यावर ठेवली.

मी त्यांना मिठी मारून मागे ओढलं. दोघंही आडवे झालो. पोटरीवर काहीतरी गार, जोरात बसलं. बायको किंचाळली. मी पाय घट्ट आवळून धरला आणि विष वर चढायची वाट पाहू लागलो. मनात एवढंच, की बाबा माझ्याखाली आहेत, त्यांच्यापर्यंत पोचायला नको.

"उठ माझ्यावरून," बाबा म्हणाले. "भिजतोय मी."

बायकोनं माळ्याला फोन लावला.

"ठिबकची नळी हो, वहिनी," तो म्हणाला. "आम्ही लांबडंच म्हणतो तिला."

नळीला भोक पडलं होतं. तिथे सध्या चिकटपट्टी लावलेली आहे.