रतनसाठी राखलेलं काळीज

"ह्याला काळीज म्हणायचं का शिळं पिठलं? बोट लावलं की विरतंय..." बाबू खाटीक स्वतःशीच पुटपुटला. पण कडूबाई परात घेऊन त्याच्या गुडघ्याशीच बसली होती. तिनं ऐकलं.

बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला बोकडाचं काळीज निखाऱ्यावर भाजून सगळ्यांच्या आधी द्यायचं, ही त्या घरची रीत. रतनला सातवा सरत आलेला. तिच्यासाठीच हा बोकड एवढ्या दुष्काळात जगवलेला. आणि परातीत काय, तर पिवळं पडलेलं, फोड आलेलं काळीज आणि सुपारीसारखे आक्रसलेले गुर्दे!

"जंत झालं आसतील," तिचा नवरा कारभारी परातीकडं न बघताच म्हणाला.

"चिरलंय की. एक तरी जंत दावा," कडूबाई म्हणाली.

"मग चारा वंगाळ."

"साळूबाईच्या म्हशीला बी चारा वंगाळ, कानिफच्या बैलाला बी चारा वंगाळ! लई शानी जनावरं हो, समदी एकाच चाऱ्यानं मरत्यात."

त्या साली वाडीच्या विहिरी खडखडीत. टँकरचं पाणी माणसांना, जनावरांना ओढा. वरच्या अंगाला असलेल्या रंगाच्या कारखान्याखालून येणारा तेवढा एक ओढा वाहता होता. लोकांनी कौतुकानं त्याला नारळसुद्धा फोडला. पाण्यावर फेस यायचा, वासानं डोळे चुरचुरायचे. पण घरटी एक माणूस त्याच कारखान्यात रोजावर. मग नाकं असून कुणाला वास येईना.

कडूबाईचा थोरला, मच्छिंद्र, रंगानं निळ्या पडलेल्या हातांनी दारात उभा होता. "आये, टाकून दे ते."

"का टाकू?"

त्यानं हात पाठीमागं नेले.

"न्हाई ना सांगत? मग रीत ती रीत." कडूबाईचा आवाज चिरकला. तिनं काळीज चुलीत निखाऱ्यावर टाकलं, मीठ भुरभुरलं. "जंतच हायेत, चाराच वंगाळ हाय. मग पोटुशीला काय हुतंय? ये गं रतन, बस."

ताट तिनं लेकीपुढं सरकवलं. एक हात मात्र ताटाच्या काठावर घट्ट रोवून ठेवला. दोन्ही पुरुषांकडं ती आळीपाळीनं बघत राहिली. कारभारी जमीन उकरत होता. रतननं बिचारीनं घास मोडायला हात पुढं केला.

"रतने, हात लावू नको!" मच्छिंद्र ओरडला. "इख हाय त्यात. कारखान्याचं. घाण पाण्याच्या हौदाचा नळ मीच सोडतो वढ्यात, रोज."