दाराकडून लावलेला कागद

भिंती खरवडायला मायवूरने एप्रिलमध्ये सुरुवात केली, आणि केली ती लेकीच्या काळजीने.

ती वाढली देशाच्या दक्षिण टोकाला, स्कोने प्रांतातल्या एका बंदराच्या गावी, मागच्या अंगणावर उघडणाऱ्या दोन अंधाऱ्या खोल्यांत. तिथे भिंतीच्या कागदाआड ढेकूण राहत. म्हणून नवा कागद लावायचा म्हटलं की तिची आई आधी जुना भिजवून, ओरबाडून, पार भिंत उघडी करायची. जुन्यावर नवा चिकटवते ती बाई घाणेरडी, असं त्या गल्लीतलं मत होतं. तेव्हा इथे, उत्तरेकडच्या थंड हेल्सिंगलांदच्या जंगलाकडेच्या या ओंडक्यांच्या घरात राहायला आल्यावर तिने पहिली बादली भरली ती त्यासाठीच. नवरा, तूरे, वर उत्तरेला धरणाच्या कामावर गेला होता. जूनमधल्या सणाशिवाय तो काही येणार नव्हता. लिसबेत चार महिन्यांची. कपड्यांच्या टोपलीत पडून ती छताकडे बघायची आणि मधूनमधून छताशी काहीतरी बोलायची.

ढेकूण एकही निघाला नाही. निघाले थर.

सगळ्यात वर बिस्किटाच्या रंगाचा, बारीक ठिपक्यांचा कागद. तो सोलला तर खाली लिली. लांब, वाकड्या देठांच्या, वाऱ्यात केस सोडल्यासारख्या, शेवाळी हिरव्यावर पांढऱ्या. लिलींच्या खाली काळपट लाल गुलाब, एकेक कोबीएवढा, इतके दाट की खोलीत बसलेल्यांना श्वास कसा घेता आला असेल कोण जाणे. गुलाबांखाली निळे-पांढरे पट्टे. तो कागद गुंडाळीचा नव्हताच, हातभर लांबीचे ताव एकमेकांना जोडून केलेला, आणि ठसा मारणाऱ्याचा हात जिथे सरकला होता तिथे पट्टा पट्ट्यावर चढला होता. आणि सगळ्यात आत, ओंडक्यांवर ताणून बसवलेल्या चिंध्यांच्या जाड पुठ्ठ्यावर, कुणी साच्यातून रंग थोपटून काढलेली राखाडी पानं.

"बघ गं," मायवूर टोपलीकडे वळून म्हणायची, "आणखी एक बाई निघाली."

कारण तिला वाटायचं, प्रत्येक थर म्हणजे या घरात नव्याने आलेली एकेक बाई. कुणी हौसेने आलेली, कुणी गुलाबांवरून दिसतंय की जरा तोऱ्यातली. दिवसभर त्यांच्याशीच काय ते बोलणं. दुसरं कुणी येत नव्हतं. पलीकडच्या घरांतून धूर निघायचा, पडदा हलायचा, सायकलवरून जाणारी बाई मान हलवायची आणि पुढे जायची. स्कोनेत नवं बिऱ्हाड आलं की त्याच संध्याकाळी शेजारीण पाव आणि मीठ घेऊन दारात उभी. इथे मे उजाडला तरी दार वाजलं नाही. एकदा मायवूर दुकानात काहीतरी मागायला गेली आणि तिला जाणवलं, आपला आवाज मोठ्या माणसाशी बोलायचा विसरलाय. तिने साखर मागितली तीसुद्धा लिसबेतशी बोलतात तशी, लाडात.

दुकानदार वाल्फ्रिडने साखर तोलता तोलता विचारलं, "ताई, तुमची कॉफी कधी?"

"कसली कॉफी?"

"आता कसली म्हणजे. घरभरणीची. अख्खं गाव वाट बघतंय. बायकांनी ठेवणीतल्या टोप्या काढून ठेवल्यात, त्यांना आता कसर लागेल."

"मला वाटलं, लोक येतील," मायवूर म्हणाली. "मीच वाट बघत होते."

वाल्फ्रिडने पळी खाली ठेवली. "सावकाश बोला, तुमच्या भागातल्या लोकांच्या घशात पेज अडकलेली असते, मला अर्धं कळत नाही. तुम्ही कुणाची वाट बघत होतात?"

"शेजाऱ्यांची."

"न बोलावता? न बोलावता इथे फक्त कर वसूल करणारा येतो." मग तिचा चेहरा बघून त्याने आवाज उतरवला. "बोलवा रविवारी तीन वाजता. मी सांगतो सगळ्यांना. पण एक ऐका. आधी ओतीलियामावशी येतील. त्यांनी जाऊन बघितलं आणि बरं म्हटलं, की मग बाकीच्या. ते घर त्यांचं माहेर आहे ना. भाऊ गेला, घर विकलं गेलं, तेव्हापासून त्यांनी उंबरा ओलांडलेला नाही."

मायवूर तिथेच पिशवी धरून उभी राहिली. त्या माहेरच्या भिंती तिने शेगडीत घालून जाळल्या होत्या, एकेक थर.

आता उघडा पुठ्ठा दाखवायचा नाही, एवढं तरी तिच्या हातात होतं. तिने दुकानातलं नमुन्यांचं जाडजूड पुस्तक चाळलं. त्यात चहाचे कप होते, मासे होते, वेडेवाकडे त्रिकोण होते. शहरात सध्या हेच चालतं, वाल्फ्रिड म्हणाला. तिने मागच्या पानांतला एक निवडला: फिकट राखाडीवर निळे पट्टे आणि मध्ये बारीक पानं. दीड-दोनशे वर्षांपूर्वीचीच तऱ्हा, फक्त आता यंत्रावर छापलेली.

कागद लावणं हे दोन माणसांचं काम. एकाने खुर्चीवर चढून वरून धरायचं, दुसऱ्याने खाली सरळ करायचं. मायवूरने ते एकटीने केलं. पिठाची खळ शिजवली, ती केसांना लागली, वाळली, केस काडीसारखे उभे राहिले. पट्टी लावावी तो लिसबेत रडावी. तिला पाजून यावं तो वरचं टोक सुटून खाली लोंबावं. एकदा तर अख्खी पट्टी तिच्या डोक्यावरून पाठीवर आली आणि ती तशीच, ओल्या कागदाच्या पांघरुणात, भिंतीला टेकून उभी राहिली. हसायला कुणी नव्हतं म्हणून तिलाही हसू आलं नाही.

सुरुवात तिने दाराकडून केली. दुसरं काही कारण नव्हतं. टोपली खिडकीशी होती, उन्हात, आणि पोर नुकतीच झोपली होती. तिला हलवावंसं वाटलं नाही. एका पट्टीचा काठ दुसरीवर चढवत चढवत ती शनिवारी खिडकीपाशी पोचली, आणि कुठे चुकलं असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

रविवारी तिने टेबल मांडलं. इकडे कॉफीबरोबर सात तऱ्हांचं गोड हवं म्हणतात, तिचं सहा तऱ्हांचं झालं, सातवं करपलं. लिसबेतला धुतलेला झगा घातला. तीन वाजायला आले तसं ऊन फिरलं आणि खिडकीतून आडवं भिंतीवर पडलं.

मायवूर कप हातात घेऊन थबकली. भिंतीवर वरपासून खालपर्यंत काळ्या रेघा उमटल्या होत्या. प्रत्येक जोडाचा वर चढलेला काठ दाराकडे तोंड करून होता, आणि खिडकीतला उजेड मागून येऊन त्यावरून घसरत पुढे सावली टाकत होता. तिच्या आईच्या खोल्यांत ऊन कधी आलंच नव्हतं. तिथे कुठूनही सुरुवात केली तरी चालायची. तिने हात फिरवून एक रेघ दाबून पाहिली. तळवा बाजूला घेतला तशी रेघ जागच्या जागी.

दार वाजलं.

ओतीलियामावशी एकट्याच होत्या. उंच, रुंद, काळी टोपी, आणि हातात काही नाही. "बाकीच्या बटाटे लावताहेत," त्या म्हणाल्या. रविवारी कुणी बटाटे लावत नाही, हे मायवूरलाही माहीत होतं.

त्या आत आल्या, पण बसल्या नाहीत. भिंतीपुढे उभ्या राहिल्या. मायवूर कॉफी ओतत राहिली, कप भरून बशीत गेली तरी.

"तुला कागद लावायला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. आईचं बघून."

"दाराकडून कुणी सुरू करतं का, पोरी? खिडकीपासून निघायचं. उजेडाकडून."

"पोर झोपली होती खिडकीशी."

मावशींनी टोपलीकडे पाहिलं, मग परत भिंतीकडे. त्यांनी बोटाने कागद वाजवून बघितला, दार वाजवतात तसा. "पातळ लागतोय. खालचं काय झालं?"

खोटं बोलायची सोय होती. खाली आहे सगळं, असं म्हटलं असतं तर कोण उकरून बघणार होतं?

"खरवडलं मी," मायवूर म्हणाली. "सगळं. आमच्याकडे ढेकूण असतात मागे. मला वाटलं, पोरीला चावतील."

"इथल्या थंडीत ढेकूणसुद्धा टिकत नाही. त्या थंडीसाठीच तर थरावर थर द्यायचे, वारा अडतो." मावशींनी तळवा कागदावर सपाट टेकवला. "लिली होत्या?"

"होत्या."

"तुला दिसल्या?"

"दिसल्या. फार सुंदर होत्या, मावशी. मी दोन दिवस थांबले होते काढायच्या आधी."

"आईने लावून घेतल्या त्या. मी दहा वर्षांची होते. आजी म्हणाली, ही बाई भिंतीवर तण उगवतेय." मावशींचा आवाज कोरडाच होता. त्या टेबलाकडे आल्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, पण बसायचं तेवढं केलं नाही. मायवूरला वाटलं, आता या निघतील, आणि उद्या दुकानात सगळ्यांना कळेल.

"जिन्याखालची कोठडी?" मावशींनी विचारलं.

"तिथे अजून हात लावला नाही. बादली घेऊन आत वाकता येत नाही."

मावशी तडक गेल्या. कोठडीचं दार ठेंगणं. त्यांनी टोपी काढली आणि वाकून आत शिरल्या. मायवूर दिवा घेऊन मागे गेली. आत, लंगोटांच्या गठ्ठ्यांमागे, लिली होत्या. उरलेला तुकडा कुणी तिथे वापरून टाकला होता, आणि फुलं खाली डोकं करून लोंबत होती.

"बाबांनी लावला," मावशी आतून म्हणाल्या. "उलटा. आई म्हणाली, काढ. बाबा म्हणाले, कोठडीत कोण बघतंय. दोघं किती दिवस बोलली नाहीत. आम्ही मुलं मधल्यामधे निरोप पोचवायचो. आईला सांग, मीठ दे. बाबांना सांग, हात नाहीत का."

बाहेर लिसबेत रडायला लागली. मायवूर तिला घेऊन आली तेव्हा मावशींनी हात पुढे केले, पोरीला घेतलं आणि तिच्यासकट कोठडीच्या आतल्या अंगाला सरकल्या. तिथे दोघींना पुरेल एवढीच जागा होती. मायवूर दाराबाहेर दिवा उंच धरून उभी राहिली. तिचा दंड भरून आला, पण तिने हात खाली केला नाही. आत त्या हलक्या आवाजात काहीतरी सांगत होत्या. पोरीला सांगत होत्या की दुसऱ्या कुणाला, ते बाहेर ऐकू येत नव्हतं.

मग त्यांनी कॉफी प्यायली, गार झालेली, उभ्याउभ्याच. सहाही तऱ्हांचा एकेक तुकडा घेतला, सातव्याबद्दल विचारलं नाही. त्या टोपी घालून दारात गेल्या तेव्हा मायवूरला राहवलं नाही.

"बाकीच्यांना काय सांगणार तुम्ही?"

मावशींनी हातमोजे घातले, एकेक बोट नीट बसवत.

"सकाळी यायला सांगते," त्या म्हणाल्या. "ऊन फिरायच्या आत."

त्या फाटकातून बाहेर पडल्या आणि मागे न बघता रस्ता ओलांडून गेल्या. मायवूर बराच वेळ दारात उभी होती. मग आत येऊन तिने न वापरलेले कप तसेच राहू दिले, सकाळसाठी, आणि त्यांवर एक स्वच्छ फडकं पसरलं.